ओस्वाल्दो अलोन्सो : २१व्या वर्षी थांबलेली आंतरराष्ट्रीय कारकीर्द कशी मोजायची?

बालेवाडीचा प्रेक्षक

नमस्कार. कोथरूडमधल्या एका मैदानावर दर शनिवारी आणि रविवारी सकाळी मी १४-१५ वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यांतला एक मुलगा बचावफळीच्या पुढे, म्हणजे सहा क्रमांकाच्या जागेवर खेळतो. त्या जागेवर गोल होत नाहीत, टाळ्याही फारशा मिळत नाहीत, त्यामुळे तो अधूनमधून खट्टू होतो आणि आघाडीला खेळवा म्हणून मागे लागतो. त्याचे मन वळवावे म्हणून मी त्याला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल साउंडर्स या क्लबकडून खेळलेल्या ओस्वाल्दो अलोन्सोच्या काही सामन्यांची चित्रफीत दाखवली. चेंडू येण्याच्या दोन क्षण आधी हा माणूस जागेवर कसा पोचतो, हे त्याने पाहावे एवढाच माझा हेतू होता.

मुलाने ती सगळी लक्ष देऊन पाहिली आणि शेवटी विचारले, "सर, हा कोणत्या देशाकडून खेळायचा?" मी म्हणालो, क्यूबा. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "मग क्यूबाच्या जर्सीतला एखादा सामना दाखवा ना." मला दाखवता आला नाही, कारण अलोन्सोचा क्यूबाकडून शेवटचा काळ २००७चा आहे, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता, आणि त्याची खरी कारकीर्द त्यानंतर सुरू झाली.

तो स्पर्धा चालू असताना संघ सोडून गेला, हे मला ढोबळमानाने ठाऊक आहे. पण मुलाला नीट सांगायचे तर मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तो गेला तो नेमका कसा आणि पुढे कोणत्या पायऱ्यांनी वर चढला? अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर तो अमेरिकेकडून का खेळू शकला नाही? आणि ज्याची जवळजवळ सगळी कामगिरी क्लबसाठी आहे, अशा खेळाडूला 'क्यूबाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मधली फळी

आपण मुलाला दाखवायला अलोन्सो निवडलात याचा मला मनापासून आनंद झाला. त्या जागेवरचे नामवंत युरोपीय खेळाडू सगळ्यांनाच माहीत असतात, हा मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

अलोन्सोचा जन्म ११ नोव्हेंबर १९८५चा, सान क्रिस्तोबलचा. हे गाव तेव्हा क्यूबाच्या पश्चिम टोकाकडच्या पिनार देल रिओ प्रांतात होते आणि त्याच प्रांताच्या संघाकडून तो खेळला. २००७च्या गोल्ड कप, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेसाठी क्यूबाचा संघ अमेरिकेत आला. न्यू जर्सीत मेक्सिकोकडून १-२ असा पराभव आणि पनामाशी २-२ बरोबरी झाल्यावर होंडुरसविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यासाठी संघ ह्यूस्टनला पोचला. तिथे एका मोठ्या दुकानात संघ खरेदीला गेलेला असताना अलोन्सो बाहेर पडला, चालत राहिला आणि पुढे बसने मायामीला गेला. संघाचा आघाडीचा गोल करणारा लेस्टर मोरे याच स्पर्धेत संघ सोडून गेला होता. या दोघांविना खेळलेला क्यूबाचा संघ होंडुरसकडून ०-५ असा हरला.

इथे एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. मायामीत त्याची वाट पाहत कुणी करार घेऊन उभे नव्हते. २००८ साली तो चार्ल्सटन बॅटरी या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात रुजू झाला. त्या वर्षी चार्ल्सटनने यू. एस. ओपन कपमध्ये, म्हणजे लहानमोठे क्लब एकत्र उतरतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, थेट अंतिम फेरी गाठली. वॉशिंग्टनच्या आर. एफ. के. स्टेडियमवर डी. सी. युनायटेडकडून ते १-२ असे हरले. पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटल साउंडर्स मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, दाखल झाले, प्रशिक्षक सिगी श्मिड यांच्या पहिल्यावहिल्या संघात अलोन्सो होता, आणि सप्टेंबर २००९मध्ये त्याच मैदानावर, त्याच डी. सी. युनायटेडविरुद्ध, त्याच स्पर्धेचा अंतिम सामना सिअ‍ॅटलने २-१ असा जिंकला. बारा महिन्यांच्या अंतराने तोच निकाल उलटा झाला. केसी केलर आणि फ्रेडी ल्युंगबर्ग यांच्यासारखी मोठी नावे त्या संघात होती, तरी मधल्या फळीचा कणा हा २३ वर्षांचा मुलगा होता.

सिअ‍ॅटलने २०१० आणि २०११ सालीही हाच चषक जिंकला. २०११च्या अंतिम सामन्यात स्वतःच्या मैदानावर ३५ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर शिकागो फायरविरुद्ध सिअ‍ॅटल १-० असे पुढे होते, भरपाईची मिनिटे चालली होती आणि शिकागोचा सगळा संघ बरोबरीसाठी पुढे सरकला होता. अशा वेळी अलोन्सोने चेंडू घेतला, एकामागून एक बचावपटूंना चकवत तो एकटा पुढे गेला आणि दुसरा गोल केला. वर्षानुवर्षे इतरांसाठी चेंडू हिसकावून देणाऱ्या खेळाडूचा हा गोल आहे. आपल्या विद्यार्थ्याने तो पाहायलाच हवा.

तरीही माझ्या मते त्याचे मोठेपण गोलमध्ये शोधू नये. अलोन्सो उंचीने किंवा अंगाने धिप्पाड नव्हता आणि त्याचे टॅकल पाहताना तो धडकून चेंडू मिळवतो असे कधी वाटत नाही. प्रतिस्पर्ध्याने मान खाली घालून चेंडूकडे पाहिले की त्या क्षणी तो अंतर कापायचा. चेंडू मिळाल्यावर मात्र त्याला मुळीच घाई नसे, साधा, जमिनीवरून, जवळच्या मोकळ्या सहकाऱ्याला पास. सहा क्रमांकावरच्या कित्येक मुलांना चेंडू जिंकता येतो, पण जिंकल्यावर लगेच लांब फटका मारून ते तो परत प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतात. अलोन्सोच्या खेळात हिसकावणे आणि देणे या दोन क्रिया वेगळ्या काढताच येत नाहीत. सिअ‍ॅटलच्या चाहत्यांनी त्याला 'हनी बॅजर' (एक छोटा पण चिवट प्राणी) म्हटले, ते त्याच्या चिकाटीसाठी. २०१२ साली लीगच्या सर्वोत्तम अकरा जणांत त्याची निवड झाली, त्या यादीत थिएरी आँरी, रॉबी कीन आणि लँडन डोनोव्हन होते.

२०१४ साली सिअ‍ॅटलने चौथ्यांदा ओपन कप आणि त्याबरोबर साखळीतल्या सर्वाधिक गुणांसाठीची सपोर्टर्स शील्डही जिंकली. २०१८पर्यंत, म्हणजे सलग दहा हंगाम, तो तिथे राहिला. नंतर मिनेसोटा युनायटेड आणि शेवटी अटलांटा युनायटेड. अटलांटात २०२२ साली गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

ऑफसाइडची रेषा

दुसरा प्रश्न पात्रतेच्या नियमांचा आहे आणि त्यात बहुतेकांची गल्लत होते, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो.

अलोन्सोला २०१२ साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, त्या वेळी तो लीगमधल्या उत्तम बचावात्मक मिडफिल्डरांत गणला जात होता आणि अमेरिकेच्या संघात त्याला पाहण्याची इच्छा पुष्कळांना होती. अडचण फिफाच्या नियमाची होती. एखाद्या देशाच्या मुख्य संघाकडून मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही. म्हणूनच दिएगो कोस्टा २०१३ साली ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळूनही पुढे स्पेनकडून विश्वचषक खेळू शकला. अधिकृत स्पर्धेतला सामना मात्र खेळाडूला बांधतो, आणि अलोन्सो गोल्ड कपमध्ये, म्हणजे खंडाच्या मुख्य स्पर्धेत, उतरला होता. शिवाय पहिला अधिकृत सामना खेळताना दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आधीच हातात असावे लागते, अशीही अट आहे. क्यूबाच्या जर्सीत पहिल्यांदा उतरलेल्या अलोन्सोकडे क्यूबाशिवाय दुसरे काही असण्याचा प्रश्नच नव्हता. २०२० साली फिफाने हे नियम थोडे सैल केले, पण ती सवलत २१ वर्षे पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने खेळलेल्यांना आहे आणि विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरलेल्यांना ती मिळत नाही. त्यामुळे अलोन्सोसाठी तो दरवाजा तेव्हाही बंदच राहिला.

आपण पुण्यातून विचारत आहात म्हणून एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्याने आपल्या विद्यार्थ्याला हा नियम चटकन कळेल. पुणे एफसीकडून बालेवाडीत खेळणारा अराता इझुमी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. त्याने जपानी नागरिकत्व सोडले, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २०१३ साली तो भारताच्या संघात आला. त्याच हंगामात पुणे एफसीने आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले होते. इझुमीने आधी जपानच्या राष्ट्रीय संघाकडून अधिकृत सामना खेळलेला नव्हता, म्हणून त्याची वाट मोकळी होती. एकाने नागरिकत्व बदलले आणि तो राष्ट्रीय खेळाडू झाला. दुसऱ्याने बदलले, पण फुटबॉलच्या दृष्टीने तो कायम पहिल्याच देशाचा राहिला. म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाला नियमाचे उत्तर स्पष्ट आहे. अलोन्सो हा क्यूबाचाच आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा तो होऊ शकत नव्हता.

सदाशिव पेठेतला जुना वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत आणि मला त्यांतून बरेच नवे कळले. तरीही एक बाजू सुटते आहे असे वाटते, म्हणून लिहितो. माझ्या पिढीने क्यूबाला ओळखले ते १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४०० आणि ८०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकणाऱ्या अल्बेर्तो हुआंतोरेनामुळे आणि सलग तीन ऑलिम्पिकमध्ये हेवीवेट सुवर्ण मिळवणाऱ्या तेओफिलो स्टीव्हन्सनमुळे. स्टीव्हन्सनने व्यावसायिक मुष्टियुद्धाचे प्रस्ताव नाकारले आणि तो मायदेशी राहिला. त्यामुळे संघ सोडून जाणाऱ्या खेळाडूची गोष्ट केवळ सुटकेची म्हणून सांगितली गेली की मला मागे राहिलेल्यांची आठवण होते.

मार्च २००८मध्ये ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेसाठी क्यूबाचा २३ वर्षांखालील संघ टँपा इथे आला होता. यजमान अमेरिकेशी त्यांनी १-१ अशी बरोबरी केली, जी कोणत्याही मापाने अभिमानाची होती. त्यानंतर सात खेळाडू निघून गेले. एक जण निलंबित होता. होंडुरसविरुद्धच्या पुढच्या सामन्यात क्यूबाने दहा खेळाडू उतरवले, कारण अकरावा नव्हताच, आणि ते ०-२ असे हरले. ऑक्टोबर २०१२मध्ये टोरोंटोत विश्वचषक पात्रता सामन्याआधी पुन्हा चार जण गेले, तेव्हा कॅनडाविरुद्ध अकरा जण होते, राखीव बाकावर एकही नाही. निकाल ०-३. दहा जणांनी नव्वद मिनिटे मैदान सांभाळायचे, हे शिक्षकाने डोळ्यांसमोर आणून पाहावे. दमलेल्याला बसवता येत नाही, लंगडणाऱ्याला बाहेर काढता येत नाही.

आणि त्याच वर्षी, टोरोंटोनंतर दोन महिन्यांनी, उरलेल्यांनी अँटिग्वात त्रिनिदाद अँड टोबॅगोला जादा वेळेत १-० असे हरवून कॅरिबियन चषक जिंकला. मार्सेल एर्नांदेसचा तो गोल आणि तो चषक, क्यूबाच्या इतिहासातला एकमेव. ज्या देशाने १९३८च्या विश्वचषकात रुमानियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, त्याच्या वाट्याला त्यानंतर एवढाच मोठा विजय आला. आपल्या विद्यार्थ्याला क्यूबाच्या जर्सीतला सामना हवा असेल तर हा दाखवता येईल.

मधली फळी

जुने वाचक यांच्या प्रतिसादाबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण मी अलोन्सोविषयी लिहिताना ह्यूस्टनमधले ते पाच गोल एका वाक्यात उरकले होते. त्या रात्री मैदानावर राहिलेल्यांचा विचार मी केला नव्हता, हे कबूल करतो.

एका बाबतीत मात्र माझे मत निराळे आहे. स्टीव्हन्सनची तुलना फुटबॉलपटूंना लागू पडत नाही. मुष्टियुद्ध आणि धावणे या खेळांत क्यूबात राहूनच माणूस जगज्जेता होऊ शकत होता, त्यासाठीची शिबिरे, प्रशिक्षक आणि देशाचे लक्ष सगळे तिथे होते. फुटबॉलला बेसबॉलच्या सावलीत वाढावे लागले. क्यूबात व्यावसायिक खेळ १९६१ सालापासून बंद होता आणि परदेशी क्लबशी रीतसर करार करण्याची मुभा खेळाडूंना २०१३ साली जाहीर झाली, म्हणजे अलोन्सो गेल्यानंतर सहा वर्षांनी. तोवर उत्तम फुटबॉल खेळायचे असेल तर दौऱ्यावरून परतायचे नाही, हाच मार्ग उरत असे, आणि त्याची किंमत अशी की पुढची आठ वर्षे घरी पाऊल टाकता येत नसे. २१ वर्षांच्या मुलाने घर आणि खेळ यांतून एक निवडायचे, ही वेळ त्याच्यावर आणणाऱ्या व्यवस्थेलाच मी दोष देतो. जाणाऱ्याला नाही आणि राहणाऱ्यालाही नाही.

अलोन्सोच्या आधी असाच गेलेला क्यूबाचा मायकेल गालिन्दो होता, २००५च्या गोल्ड कपमध्ये सिअ‍ॅटलमध्येच तो संघ सोडून गेला आणि तिथल्या तेव्हाच्या दुसऱ्या श्रेणीतल्या साउंडर्सकडून त्याच वर्षी विजेता झाला. त्या संघाचे प्रशिक्षक ब्रायन श्मेत्झर होते. पुढे २०१६ साली हेच श्मेत्झर मेजर लीगमधल्या साउंडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा अलोन्सो त्यांच्या हाताखाली खेळला.

बालेवाडीचा प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इझुमीचे उदाहरण मी कालच मुलाला सांगितले. त्याच्या वडिलांनी बालेवाडीत पुणे एफसीचे सामने पाहिलेले आहेत, त्यामुळे घरी त्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. टँपातल्या दहा जणांविषयी सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने त्याने विचारले की त्या दहांतला सहा क्रमांकावर कोण होता. मला सांगता आले नाही.

आता एक शेवटची विनंती. पुढच्या रविवारी सगळ्या मुलांना एकत्र बसवून अलोन्सोचा एकच सामना पूर्ण दाखवायचा आहे. २०११चा तो अंतिम सामना दाखवू की दुसरा कोणता?

मधली फळी

गोल एकट्या त्या मुलाला दाखवा. सगळ्यांना १० डिसेंबर २०१६चा सामना दाखवा, मेजर लीग सॉकरचा अंतिम सामना, टोरोंटो विरुद्ध सिअ‍ॅटल. १२० मिनिटांत सिअ‍ॅटलला गोलच्या चौकटीत एकही फटका मारता आला नाही, आणि तरीही ०-० नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ५-४ असे ते जिंकले. गोलरक्षक स्टेफान फ्रायने जादा वेळेत टोरोंटोच्या जोझी अल्टिडोरचा हेडर हवेत मागे झेपावत ज्या प्रकारे बाहेर काढला, त्यासाठी तो सामना सगळ्यांच्या लक्षात आहे. मुलांना मात्र सुरुवातीपासून टोरोंटोच्या सेबास्टियन जोव्हिंको आणि मायकेल ब्रॅडली यांच्या पायांत चेंडू येतो तेव्हा अलोन्सो कुठे उभा आहे, एवढेच पाहायला सांगा. गोठवणारी थंडी होती, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावलेला होता आणि मध्येच त्याचे पाऊल नीट पडत नाही हे स्पष्ट दिसते, पण जागा चुकत नाही.

आणि सामना सुरू करण्याआधी त्यांना सांगून ठेवा की हे मैदान बी. एम. ओ. फील्ड आहे. त्या सामन्याच्या चार वर्षे आधी, ऑक्टोबरमध्ये, क्यूबाचे ते अकरा जण राखीव बाक रिकामा ठेवून इथेच खेळले होते.